मेलेल्या माणसाची गुपितं आणि मागे राहिलेल्या बायका: मुंबईतली सस्पेन्स कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा, बाप नाहीतर भाऊ गेला आणि घरातल्या बायकांना त्याचं भलतंच दुसरं आयुष्य सापडलं, या विषयावर मराठीत सस्पेन्स लिहिणाऱ्यांचे मला बरेच मेसेज येतात. बहुतेक जणी मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली कुठे ना कुठे येत राहीलच: मुंबईत माणूस गेला की त्याचे कागद निघायला लागतात, आणि ते कागद घेऊन काउंटरसमोर उभी राहते ती घरातली बाई, त्यामुळे या गोष्टीतला सस्पेन्स बँकेत, वॉर्ड ऑफिसात, सोसायटीच्या ऑफिसात आधीपासूनच आहे, तो बाहेरून आणायची गरज नाही.

प्रश्न: कादंबरी सुरू होते तेव्हा माणूस मेलेलाच हवा का? आधी थोडा जिवंत दाखवला तर?

मेलेलाच ठेवा. तो दोन प्रकरणं स्वतः बोलला की वाचक त्याच्या बाजूने विचार करायला लागतो, त्याची मजबुरी वगैरे मनात येते आणि बायका जे शोधतायत त्यातली धार जाते. तो फक्त इतरांच्या बोलण्यातून दिसू दे. बायकोला माहीत असलेला नवरा, आईचा मुलगा, बहिणीचा दादा हे तिघं एकमेकांशी नीट जुळत नाहीत इथूनच वाचकाला वास लागतो. आणि गोष्टी छोट्या घ्या. बायको शपथेवर सांगते की ह्यांना सुक्या मासळीच्या वासानेही मळमळायचं, घरात कधी आणली नाही, आणि भेटायला आलेला एक अनोळखी माणूस सहज बोलून जातो की साहेबांना आमच्याकडचं सोड्याचं कालवण फार आवडायचं. तिने तेव्हा काही बोलू नये, पाण्याचा ग्लास पुढे करावा आणि तो माणूस कुठला हे विचारून घ्यावं.

प्रश्न: गुपित डायरीत किंवा जुन्या पत्रात सापडलं तर चालेल?

मला नाही पटत. वीस वर्षं लपवाछपवी करणारा माणूस सगळं लिहून कपाटात ठेवेल कशाला? त्याला जे टाळताच येत नाही असे कागद घ्या.

लाइट बिल घ्या. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज, उपनगरात बरीचशी अदानीची, भांडुप-मुलुंडला आणि पुढे ठाणे-कल्याणकडे महावितरण. दादरमध्ये जन्म गेलेल्या बाईच्या हातात नवऱ्याच्या बॅगेतून महावितरणचं बिल आलं तर पत्ता वाचायच्या आधीच तिला कळायला पाहिजे की हे आपल्या इथलं नाही, कारण बिलं भरायचं काम तिचंच होतं.

किंवा रेल्वेचा पास. माणूस फोर्टात नोकरीला, घर दादरला, आणि पाकिटात पास मिळतो दादर ते आसनगाव. त्या पासवर दोन्ही स्टेशनांची नावं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, सगळं छापलेलं असतं. असे चार-पाच जुने पास एकावर एक ठेवलेले मिळाले, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये दाबून बसवलेले, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि एक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचा काढलेला, तर हा माणूस कधीतरी कामाला म्हणून तिकडे गेला नव्हता, नेमाने जात होता, हे तिला एक शब्द न वाचता कळतं. माझ्या मते असा पास दहा पत्रांपेक्षा भारी. फक्त काळ सांभाळा, आता बरेच लोक मोबाईलवर पास काढतात.

तिसरा कागद म्हणजे इन्कम टॅक्सचं एआयएस, म्हणजे माणसाच्या वर्षभराच्या पैशांच्या व्यवहारांचं माहितीपत्रक, हे नोव्हेंबर २०२१ पासून आलंय आणि लेखकांनी त्याचा उपयोगच केलेला नाही. गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची, मृत्यूचा दाखला, त्याचं पॅन, वारस असल्याचा पुरावा द्यायचा आणि मंजुरी मिळाली की तिच्या स्वतःच्या लॉगिनमधून त्याचा हिशोब दिसतो. कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठून लाभांश आला, जागा विकली का, शेअर्स घेतले का. म्हणजे रात्री डायनिंग टेबलवर मुलगी आईला फॉर्म भरून देतेय आणि स्क्रीनवर अशा बँकेचं नाव येतं जिच्यात आपलं खातंच नाही असं आई ठामपणे सांगते. माझ्या दृष्टीने हा सीन पिस्तुलापेक्षा भीतीदायक आहे.

खूप जुनी ठेव असेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या फंडात टाकाव्या लागतात आणि त्या नावावरून तिथे शोधता येतात.

प्रश्न: लॉकरचा सीन कसा लिहू?

सगळ्यांना हा सीन लिहायचा असतो आणि सगळे तो एका परिच्छेदात उरकतात, चावी फिरली, डबा ओढला, आत फोटो. अहो, तिथे थांबा, इथेच खरं कथानक आहे.

लॉकरला दोन चाव्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. माणूस गेला आणि नॉमिनी लावलेला असला की दाखला, ओळखपत्र, क्लेमचा फॉर्म देऊन झाल्यावर बँक वेळ देते, आणि बँकेचा अधिकारी व दोन तटस्थ साक्षीदार यांच्यासमोर लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी होते. ही यादीच तुमचा सीन आहे. खोली छोटी, एसीचा आवाज, अधिकारी एकेक वस्तू उचलून सांगतोय आणि समोरची मुलगी लिहितेय, बांगड्या चार, वेढणी दोन, नाणं एक, मंगळसूत्र एक. आणि हिचं मंगळसूत्र घरी कपाटात आहे, तिने सकाळीच बघितलंय. सगळ्यांसमोर तिला त्या यादीखाली सही करायचीय आणि चेहरा हलू द्यायचा नाहीये. इथे दोन पानं द्या, घाई करू नका.

अजून दोन नियम उपयोगाचे आहेत. लॉकरमध्ये बंद किंवा सील केलेलं पाकीट निघालं तर नॉमिनीला देताना ते उघडून बघायचं बंधन बँकेवर नाही, म्हणजे यादीत नुसतं बंद पाकीट एक असं लिहिलं जाऊ शकतं आणि ती ते पर्समध्ये घालून बसने घरी येते, आता ते कधी उघडायचं हे तुमच्या हातात. दुसरा नियम तर माझा फार आवडता: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी बँकेने गिऱ्हाइकाला एसएमएस आणि ईमेल पाठवायचा असतो, आणि येण्या-जाण्याचं सीसीटीव्ही फुटेज किमान १८० दिवस ठेवायचं असतं. आता विचार करा. माणूस जाऊन बारा दिवस झालेत, त्याचा फोन चार्जरला लावून ठेवलाय कारण लोकांचे फोन येतात, आणि दुपारी त्यावर मेसेज येतो की तुमचा लॉकर आज उघडला. म्हणजे लॉकर दोघांच्या नावावर होता. आणि आता १८० दिवसांचं घड्याळ तुम्हाला फुकट मिळालं, त्याच्या आत फुटेज मागवायला पोलीस किंवा कोर्टाचा रस्ता धरावा लागेल, बँक कोणालाही असंच दाखवणार नाही.

प्रश्न: त्याचा फोन बायकांनी उघडला की सगळं सापडतंच ना, मग सस्पेन्स कसा टिकवायचा?

फोन उघडू नकाच. पिन माहीत नाही, संपला विषय. पण नंबर चालू ठेवा, रिचार्ज करत राहा, कारण येणारा फोन कोण करतंय हे कुलूप असतानाही दिसतं. महिन्याच्या ठराविक तारखेला एकाच नंबरवरून मिस्ड कॉल येतो एवढ्यावर तीन प्रकरणं चालतात.

कॉल डिटेल्स मात्र बायकांच्या हातात देऊ नका, कोणी ओळखीचा काढून देतो असं दाखवलं तर तो सरळ गुन्हा आहे, ते पोलिसांनीच आणि त्यांच्यातही वरच्या परवानगीने मागवायचं असतं. गाडी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट बघता येतं, पण एक लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन, कारला टोल नाही. म्हणून त्यानंतरच्या काळात वाशी नाक्यावरून कार गेल्याची फास्टॅग नोंद दाखवलीत तर नवी मुंबईचा वाचक पुस्तक मिटेल. एक्सप्रेसवेची किंवा सी-लिंकची नोंद चालेल.

प्रश्न: मृत्यू नैसर्गिक नव्हता हे बायकांना कशावरून कळेल? दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं ना?

नसतं. महापालिका देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांचं नाव असं असतं, मृत्यूचं कारण छापायला कायद्यानेच मनाई आहे. कारण असतं डॉक्टरने भरलेल्या वेगळ्या फॉर्मवर. बरीच हस्तलिखितं याच जागी घसरतात, नायिका दाखला वाचते आणि दचकते. दाखला वाचून दचकायचंच असेल तर पत्त्यावरून दचकू दे, मृत्यूचं ठिकाण कर्जत आणि घरी सांगितलं होतं नाशिकला चाललोय.

संशयास्पद असेल तर पोलीस स्टेशनला आधी अपमृत्यूची नोंद होते, सगळे तिला एडीआरच म्हणतात, मग पंचनामा, मग जेजे, केईएम, कूपर, राजावाडी अशा ठिकाणी पोस्टमॉर्टेम, आणि विषाची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला. तो रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तो वेळ कथेला हवाच असतो. पंचनाम्याची भाषा मिळवून वाचा, सोन्याला पिवळ्या धातूची म्हणतात, अंगावरच्या प्रत्येक कपड्याचा रंग लिहितात. बायको तो कागद वाचते आणि त्यातला निळा चेक्सचा शर्ट तिने कधी धुतलेलाच नाही. तिच्या हातून गेला नाही असा एक कपडा या घरात नाही, ही गोष्ट पोलिसाला सांगून कळणार नाही.

१९९९ च्या आधीचा काळ घेत असाल तर मुंबईत कॉरोनर होता, १८७१ च्या कायद्याने नेमलेला, आणि त्याच्यासमोर मृत्यूची चौकशी व्हायची. ज्यांना कोर्टाचा सीन हवाय त्यांनी हे जरूर बघा.

प्रश्न: दुसरी बाई कशी रंगवू? आणि तिला कायद्याने काय मिळतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्याचं उत्तर सगळ्यात जास्त कळकळीने द्यायचंय.

आधी कायदा. पात्रं हिंदू असतील तर पहिली बायको जिवंत आणि घटस्फोट झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न १९५५ च्या कायद्याने मुळातच रद्दबातल, म्हणून त्या बाईला बायको म्हणून वारसाहक्क नाही. पण तिची मुलं औरस मानली जातात, त्यांना बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून स्पष्ट केलं की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाचा जो हिस्सा निघाला असता त्यातही ती मुलं येतात. मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाचे वारस समान वाटे घेतात. म्हणजे बायको, एक मुलगी, म्हातारी आई आणि तिकडचा एक मुलगा असे चार असतील तर चौघांना एकेक चतुर्थांश, आणि ज्या बाईने त्या मुलाला वाढवलं तिच्या हातात स्वतःचं असं काही नाही. मुसलमान, पारशी, ख्रिश्चन कुटुंब घेतलंत तर नियम पूर्ण वेगळे, तेव्हा त्या समाजातल्या वकिलाशी बोला.

आता लिहिण्याचं. तिला सवत करू नका, हात जोडून सांगते. लाल लिपस्टिक, पैशांवर डोळा, रात्रीचे फोन, हे वाचून वाचून आम्ही थकलोय, आणि त्यात मेलेला पुरुष अलगद सुटतो. दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात आणि ज्याने दोघींना फसवलं त्याच्या फोटोला हार तसाच. दोघींकडे अर्धे अर्धे तुकडे आहेत हे ओळखा. हिला माहितीये तो दर शनिवारी कुठल्या बहाण्याने निघायचा, तिला माहितीये तो रविवारी रात्री कुठल्या बहाण्याने परत यायचा. हिच्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत, तिच्याकडे भाड्याचा करार. समोरासमोर बसल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, आणि समोरासमोर बसणं दोघींनाही नकोय, कादंबरीचं इंजिन हेच.

पहिली भेट कुठे ठेवाल याचा विचार करा. घरी नको, हॉटेलात नको. मला लोकलचा लेडीज डबा फार योग्य वाटतो, दुपारची गाडी, चणेवाली, क्लिपावाली, झोपलेल्या बायका, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. धाकटी "ताई" म्हणून सुरुवात करते आणि थोरली म्हणते, "ताई नका म्हणू, सांगायचंय ते सांगा." मग बराच वेळ दोघी गप्प, आणि गाडी कुर्ल्याला थांबते तेव्हा धाकटी विचारते, "त्यांची शुगरची गोळी सकाळची चुकायची का हो तुमच्याकडेपण?" थोरलीला कळतं की इतकी वर्षं तिने सकाळी डबीत घातलेली गोळी कोणीतरी संध्याकाळी मोजून बघत होतं. असं काहीतरी द्या, भांडण आपोआप मागे पडेल.

प्रश्न: नॉमिनीलाच सगळं मिळतं ना? मग नॉमिनी कोण हाच ट्विस्ट ठेवू का?

ट्विस्ट ठेवा, पण पैसा त्याचाच झाला असं लिहू नका. साधारण नियम असा की नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक वारस किंवा मृत्युपत्रातला. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दलही तेच सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच, सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, मालकी वारसांची वारसांकडे. म्हणून नॉमिनीचं नाव हे तुमच्यासाठी उत्तर नसून धागा आहे, हा कोण आणि याच्यावर एवढा विश्वास का?

पीएफमध्ये एक छान खाच आहे. लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर बाद होतं, नवीन भरावं लागतं. त्याने नवीन भरलं का, भरलं तर कुटुंब म्हणून कोणाचं नाव टाकलं, ऑफिसमधली क्लार्क फाइल उघडते आणि एकदम गप्प होते.

विमा पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढलेली असेल तर तो पैसा पॉलिसीत लिहिलेल्या बायकोसाठी आणि मुलांसाठी राखीव होतो, कर्ज देणारे त्याला सहसा हात लावू शकत नाहीत. चांगला नवरा होता की वाईट, हे ठरवणं याने अवघड होतं, आणि वाचकाला असं अवघडून ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: कर्ज दाखवायचंय. वसुलीवाले बायकोच्या मागे लागू शकतात का?

त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. तिच्या स्वतःच्या पगारातून किंवा माहेरच्या दागिन्यातून नाही. अपवाद म्हणजे तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर. आणि मुंबईतल्या कितीतरी बायकांनी ओट्यापाशी उभं राहून, हात पुसून, न वाचता सह्या केलेल्या आहेत. स्वतःचीच सही समोर येते आणि कधी केली ते आठवत नाही, यावर मला एक आख्खी कादंबरी वाचायचीय, कोणीतरी लिहा.

प्रश्न: चाळीत घडवू की टॉवरमध्ये?

चाळीत घडवाल तर भिंती पातळ असतात म्हणून गुपित राहत नाही असं लोक म्हणतात, मला उलट वाटतं, चाळीत सगळ्यांना माहीत असतं आणि फक्त घरच्या बाईला कोणी सांगत नाही. ते मौन फार मोठं आहे.

पागडीची खोली, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, असेल तर अजून एक पेच. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात हे आहे. आता सोबत राहत होतं कोण? रेशनकार्डावर कोणाची नावं, शेजारी काय सांगणार? आणि पुनर्विकास आला की खोलीची किंमत एकदम बदलते. वरळीच्या बीडीडी चाळीचंच बघा, १६० चौरस फुटांची खोली, शंभर वर्षांपूर्वीची, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या लोकांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. पात्रता यादी लागते तेव्हा कुठून कुठून माणसं उगवतात! मृत माणसाच्या नावावर हरकतीचा अर्ज कोणी दिला, या एका प्रश्नावर अख्खा भाग उभा राहतो.

टॉवरमध्ये घडवाल तर सोसायटीची जाहीर नोटीस वापरा. सभासद गेला की वारसांबद्दल कोणाची हरकत आहे का अशी नोटीस पेपरात देतात, मराठीत आणि इंग्रजीत. तिकडे बदलापूरला कोणीतरी बाई भाजी बांधून आलेल्या पेपरात ते नाव वाचते आणि तो गेला हे तिला असं कळतं.

भाड्याच्या जागेचा मागही काढता येतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं सक्तीचं आहे, आणि नोंदलेल्या दस्तांचा शोध नोंदणी खात्याच्या साइटवर घेता येतो, इंडेक्स टू म्हणतात त्या उताऱ्याला.

प्रश्न: सासूचं काय करू? प्रत्येक ड्राफ्टमध्ये ती खलनायिकाच होतेय.

ती पहिल्या वर्गाची वारस आहे हे विसरू नका, आईचा वाटा बायकोइतकाच. वडिलांचा नसतो, ते नंतरच्या वर्गात. म्हणजे जिला सगळे कोपऱ्यात बसवून चहा देतायत तिच्या सहीशिवाय फ्लॅट हलत नाही. आणि बहुतेक वेळा तिला आधीच माहीत असतं. का गप्प राहिली, ते तिला तिच्या तोंडून एकदा सांगू द्या, कोणी मध्ये न बोलता. माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीत सगळ्यात दमदार पात्र तीच व्हायला पाहिजे.

प्रश्न: दहावा-तेरावा किती दाखवू?

कथेला पुढे नेईल तेवढा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही आणि सगळे एकेक करून हात जोडून सांगतात, मुलीचं लग्न करू, आईला सांभाळू, कर्ज फेडू, तरी शिवत नाही, हे आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मग मागे उभ्या असलेल्या कोणीतरी पुटपुटतं, "त्याला पण बघू," आणि कावळा येतो. त्याला म्हणजे कोणाला? जागा वाळकेश्वरचं बाणगंगा घ्या, पायऱ्या, दिवे, भटजींची घाई, बदकं, चारी बाजूंनी घरं, एका वेळी अनेक कुटुंबांचे विधी चाललेले असतात त्यामुळे अनोळखी माणूस सहज मिसळून जातो. आता बायकाही तिथे जातात, त्यांना घरी बसवू नका.

प्रश्न: जुन्या काळात घडवायचीय, काय बघू?

एक तारीख तर पाठच करा: मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी १९४६ मध्ये आली, देशभराच्या कायद्याच्या नऊ वर्षं आधी. त्याच्या अगोदरचं दुसरं लग्न कायदेशीर, म्हणजे १९४० साली लग्न झालेली दुसरी बायको ही बायकोच, आणि तुमच्या कथेचा सगळा तोल बदलतो. बायकांना वकिली करायची मोकळीक १९२३ च्या कायद्याने मिळाली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याच्या कितीतरी आधी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या होत्या आणि पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेची कामं बघायच्या, पुरुष वकिलाला ज्या दालनात जाता येत नाही तिथे जाणारी बाई, यात केवढं कथानक आहे.

गिरणगाव घेत असाल तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप. संपात गावाला गेला आणि परतलाच नाही, की परत येऊन दुसरीकडे राहिला? पुढे गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी २०१२ मध्ये निघाली आणि त्यासाठी वारसांना त्याचा गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असले कागद शोधावे लागले. तीस वर्षं बंद असलेली ट्रंक उघडायला याहून खरं कारण कुठलं? त्या वेळचे पेपर बघायला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा.

प्रश्न: डिटेक्टिव्ह हवाच का?

नको, बायका पुरेशा आहेत. हवाच असेल तर बाई डिटेक्टिव्ह मुंबईत नवीन नाही, रजनी पंडित यांनी १९९१ मध्ये इथे स्वतःची एजन्सी काढली. पण व्यावसायिक माणूस आला की घरच्या बायकांचं शोधणं थांबतं, म्हणून मी टाळते.

प्रश्न: शेवटी पोलिसांकडे जायलाच हवं का?

ज्याने केलं तोच मेलेला असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. त्यामुळे शिक्षा हा शेवट तुम्हाला मिळणारच नाही, मग बायकांना नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. पैसे, नाव, त्या मुलाची शाळेची फी, की फक्त खरं काय ते? प्रत्येकीला वेगळं हवं असू दे. एक जण कागद जाळते आणि दुसरीने त्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवलीय असा शेवट मी एका हस्तलिखितात वाचला होता, आणि मला तो फार खरा वाटला.

प्रश्न: आमच्याच नात्यात असं घडलंय, नावं बदलून लिहिलं तर काही अडचण?

नुसती नावं बदलून भागत नाही. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला धक्का लागला असता असं काही, घरच्यांचं मन दुखावण्याच्या हेतूने लिहिलं तर गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. नोकरी बदला, उपनगर बदला, मुलांची संख्या बदला, मृत्यूचं वर्ष हलवा. आणि त्या घरातली जी बाई अजून जिवंत आहे तिला छापायच्या आधी एकदा वाचायला द्या. ती नको म्हणाली तर थांबा, तिने तो माणूस जगून काढलाय, आपण फक्त लिहितोय. ती हो म्हणाली तर बहुतेक वेळा अजून एखादा कागदही काढून देते.